टॉवरवरच्या रेडिओत पाणी शिरते कसे, आणि आगोटीपूर्वी काय करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका वाडीला इंटरनेट देण्यासाठी आपण आठ किलोमीटरवरच्या टेकडीवरून ५.८ गिगाहर्ट्झची लिंक आणली आहे. दोन्ही टोकांना डिश, डिशच्या मागे रेडिओ आणि त्यांना जोडणारे कोॲक्स केबलचे दोन आखूड जंपर, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेले तुकडे, अशी मांडणी आहे. उन्हाळाभर सिग्नल उणे ६० डीबीएमवर स्थिर असतो (हा आकडा शून्यापासून जितका दूर, तितका सिग्नल क्षीण). पहिल्या पावसात तो उणे ७६ पर्यंत घसरतो, पाऊस थांबल्यावरही दिवसभर सुधारत नाही, आणि रेडिओ मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होतो. उपकरणावर आयपी ६७ असे लिहिलेले आहे, सांध्यांना सिलिकॉन लावलेले आहे, वरून प्लॅस्टिकची पिशवीही बांधलेली आहे. तरीही पाणी आत कसे जाते आणि रेडिओ बदलावा का, असे आपण विचारता.

प्रथम हा दोष पावसाचा नसून शिरलेल्या पाण्याचा आहे, हे आकड्यांनी पक्के करून घेऊ. पावसाचे थेंब रेडिओलहरी शोषतात हे खरे असले, तरी ५.८ गिगाहर्ट्झला हे शोषण फार थोडे असते. ताशी १०० मिलिमीटर अशा कोसळत्या पावसातही किलोमीटरमागे एक डेसिबलच्या आसपास, आणि ताशी २० मिलिमीटरच्या झडीत तर एक दशांश डेसिबलही नाही. आठही किलोमीटरवर एकाच वेळी ढगफुटीसारखा पाऊस पडतो आहे असे मानले, तरी आठ डेसिबलच्या वर घट जात नाही, आणि तसा पाऊस प्रत्यक्षात काही मिनिटेच टिकतो. आपली घट सोळा डेसिबलची आहे, म्हणजे पोचणारी शक्ती चाळिसाव्या हिश्श्यावर आली आहे, आणि ती रात्रभर तशीच राहते. साठ गिगाहर्ट्झच्या लिंकला अशा पावसात किलोमीटरमागे तीसएक डेसिबलचा फटका बसतो, त्यामुळे तिथे पावसाला दोष देणे रास्त ठरते. पाच गिगाहर्ट्झला ते रास्त नाही.

यापेक्षाही भरवशाची खूण म्हणजे सुधारणेला लागणारा वेळ. पावसामुळे झालेली घट पाऊस सरताच भरून येते. डिशच्या झाकणावर पाण्याचा पातळ थर राहिला, तर तो निथळेपर्यंत अर्धा तास जास्त लागेल. पण पाऊस उघडल्यावरही सिग्नल खालीच राहत असेल आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात, दुपार टळताना, हळूहळू वर चढत असेल, तर कुठल्या तरी सांध्यात पाणी साचले आहे आणि उन्हाने ते काही अंशी सुकते आहे, असे निश्चित समजावे. आपल्या रेडिओच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावर आडव्या आणि उभ्या ध्रुवीकरणाचे (लहरींच्या डोलण्याच्या दिशेचे), म्हणजे दोन्ही चेनचे, आकडे वेगवेगळे दिसतात; दोन जंपरांपैकी एकेक जंपर एकेका चेनचा असतो. ते अवश्य पाहावेत. दोन्ही सारखेच घसरले असतील तर कारण डिशच्या तोंडावर, वाटेतल्या झाडांत किंवा हललेल्या दिशेत असू शकते. एकच चेन दुसरीपेक्षा पाच-सहा डेसिबलने खाली असेल, तर त्या चेनचा जंपर किंवा कनेक्टर ओला आहे. कोकणात जूननंतर झाडे झपाट्याने वाढतात आणि ओली पाने बरेच शोषून घेतात, ही शक्यताही डोळ्यांआड करू नये. मात्र झाडांमुळे होणारी घट ऋतूबरोबर हळूहळू वाढत जाते, एका रात्रीत सोळा डेसिबलने येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे बंद पेटीत पाणी जाते कसे याकडे येऊ. वाऱ्याच्या जोराने पाणी फटीतून आत ढकलले जाते, अशी बहुतेकांची समजूत असते, आणि म्हणून सगळे उपाय फटी बुजवण्याचेच केले जातात. थोडे पाणी तसे जातेही. परंतु मी उघडून पाहिलेल्या उपकरणांपैकी ज्यांत खरोखर पाणी साचलेले होते, त्यांतील बहुतेकांनी ते स्वतःच आत ओढून घेतले होते. मे महिन्याच्या दुपारी उन्हातल्या रेडिओच्या आतली हवा सहज ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, प्रसरण पावते आणि तिचा काही भाग बारीकसारीक वाटांनी बाहेर पडतो. मग वळवाची सर येते आणि पेटी दहा मिनिटांत २५ अंशांवर उतरते. केवळ या थंड होण्याने आतला दाब सुमारे दहा टक्क्यांनी, म्हणजे जवळपास १०० मिलिबारने, खाली येतो. एवढा फरक एक मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर त्या क्षणी तो रेडिओ एक मीटर पाण्याखाली बुडवल्यासारखा असतो, आणि त्याच वेळी त्याच्या प्रत्येक सांध्यावर, गॅस्केटवर आणि केबलच्या तोंडावर पावसाचे पाणी उभे असते. एक लिटर पोकळीची पेटी असेल तर दाब पुन्हा समान होईपर्यंत तिला शंभरएक मिलिलिटर इतके काहीतरी आत घ्यावे लागते. त्या जागी हवा असेल तर हवा जाईल, पाणी असेल तर पाणी. हवेबरोबर येणारी वाफ त्या मानाने नगण्य असते. ३० अंशांच्या अगदी दमट हवेतही घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे शंभर मिलिलिटरमागे तीनच मिलिग्रॅम वाफ असते. तीन मिलिग्रॅम आणि शंभर मिलिलिटर यांतला फरक लक्षात घेतला, की एका सरीत पेटी अर्धी ओली कशी होते याचे आश्चर्य वाटत नाही.

म्हणूनच आयपी ६७ या शिक्क्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. त्यातला पहिला सहा हा धुळीसाठी आहे. दुसरा सात म्हणजे उपकरण एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे ठेवले, तरी आत अपाय होण्याइतके पाणी जात नाही. पण ही चाचणी नव्या कोऱ्या उपकरणावर होते, आणि पाण्याचे तापमान उपकरणाच्या तापमानापासून पाच अंशांपेक्षा जास्त वेगळे असू नये अशी मानकाचीच अट आहे. उन्हात भाजलेल्या पेटीवर गार पाणी पडणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग त्या चाचणीत येतच नाही. शिवाय सात म्हणजे सहाचाही समावेश झाला, असे नाही. सहा हा आकडा मिनिटाला १०० लिटरच्या जोरदार फवाऱ्यासाठी आहे आणि ती चाचणी वेगळी घ्यावी लागते. दोन्ही पार केलेल्या उपकरणावर आयपी ६६ आणि आयपी ६७ असे दोन्ही लिहिलेले असते. चार उन्हाळे खाल्लेल्या, कडक झालेल्या रबरी गॅस्केटबद्दल तर हा शिक्का काहीच सांगत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो शिक्का कारखान्यातून आलेल्या पेटीचा आहे. आपण टॉवरवर चढून केलेल्या सांध्यांचा, कापलेल्या केबलचा आणि अर्धवट आवळलेल्या ग्लँडचा, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथल्या आवळायच्या बुचाचा, तो नाही.

या दृष्टीने पाहिले, तर आपल्याकडे उपकरणांसाठी सर्वांत घातक काळ जुलैमधली संततधार हा नसतो. त्या दिवसांत ऊन नसते, तापमान दिवसरात्र २५ ते २८ अंशांत राहते आणि दाबाचे चढउतार थोडे असतात. घातक असतात ते मेअखेरीचे वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस. दुपारी कडक ऊन आणि संध्याकाळी गडगडाटासह सर, असा क्रम दिवसामागून दिवस चालतो आणि दर खेपेस पेटी थोडे पाणी ओढते. जुलैत बंद पडलेला रेडिओ पुष्कळदा मेमध्येच भिजलेला असतो. त्यामुळे मृगाच्या तोंडावर, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, टॉवरवर चढून बंदोबस्त करणे उशिराचे आहे. कोकणात आगोटीची बाकीची तयारी ज्या दिवसांत उरकतात त्याच्याही आधी, एप्रिलच्या मध्यापर्यंत, हे काम संपलेले असावे.

वीज जाण्याचाही याच्याशी थेट संबंध आहे, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चालू रेडिओ सहा ते दहा वॅट उष्णता आत सोडत असतो, त्यामुळे त्याचा बोर्ड बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश गरम राहतो आणि त्यावर दव धरत नाही. वादळात वीज गेली की ही ऊब संपते, पेटी थंड होऊन पाणी ओढते, आतली वाफ बोर्डावर जमते, आणि वीज परतली की ओल्या पिनांवर एकदम २४ किंवा ४८ व्होल्ट येतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. वाऱ्याने पडली नाहीत अशी उपकरणेही त्या काळात थंड आणि दमट अवस्थेत पडून राहिली. लहानशा बॅटरीवर रेडिओ चालू ठेवणे हे ग्राहकांच्या सोयीइतकेच उपकरणाच्या आयुष्यासाठीही उपयोगाचे आहे. पैसे मोजकेच असतील, तर मी महागड्या टेपच्या आधी बॅटरी घेण्याचा सल्ला देईन.

आत गेलेले पाणी दोन ठिकाणी दोन वेगळ्या प्रकारे नुकसान करते. पहिले ठिकाण म्हणजे कोॲक्स केबल आणि तिचा एन-कनेक्टर. कनेक्टरमधल्या दांडीची जाडी आणि भोवतालच्या कवचाचा व्यास यांचे प्रमाण असे ठेवलेले असते, की मधल्या हवेसह त्याचा संरोध (इम्पिडन्स, म्हणजे लहरींना होणारा विरोध) ५० ओहम यावा. पाण्याचा विद्युत-अपार्यतेचा आकडा (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) हवेच्या सुमारे ८० पट आहे. त्या पोकळीत पाणी भरले की तेवढ्या भागाचा संरोध ८० च्या वर्गमुळाने भागला जाऊन साडेपाच ओहमच्या आसपास येतो. बरीचशी शक्ती तिथूनच परत फिरते आणि उरलेल्या शक्तीतला काही भाग पाणी तापवण्यात जातो. आपल्या सोळा डेसिबलचे उत्तर बहुधा अशाच एखाद्या सेंटिमीटरभर पाण्यात आहे. पुढे हेच पाणी केबलच्या तांब्याच्या जाळीतून केशाकर्षणाने मीटर-मीटर आत सरकते. जाळी काळी पडते, तिच्या तारांमधला संपर्क बिघडतो, आणि केबल बाहेरून कोरडी दिसत असूनही कायमची निकामी होते. भिजलेला जंपर वाळवून पुन्हा वापरता येईल ही आशा सोडावी. लांब केबल असेल तर टोकाकडून कापत जावे आणि जाळी लख्ख दिसेपर्यंत थांबू नये. आखूड जंपर असेल तर तो बदलावा.

दुसरे ठिकाण म्हणजे नेटवर्क केबल आणि तिच्या टोकाचा आठ पिनांचा आरजे-४५ जोड. इथे नुकसान लहरींचे नसून विद्युतरासायनिक असते. पीओईमुळे, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच रेडिओला वीज दिल्यामुळे, या पिनांवर सतत एकाच दिशेचा विद्युतदाब असतो, आणि ओल्या, खारट हवेच्या थराखाली धन बाजूची पीन अक्षरशः विरघळत जाते. २४ व्होल्टच्या साध्या पीओईत चार आणि पाच क्रमांकांच्या पिना धन असतात. जोड उघडून पाहिला तर हिरवा साका नेमका त्यांच्यावर दिसतो. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, तो एकदा उडाला की खालचा धातू वेगाने जातो. लक्षणेही ओळखू येतात. गिगाबिटची जोडणी १०० वर आणि मग १० वर येते, पानावर चुकीच्या फ्रेमची (बिघडून पोचलेल्या माहितीच्या तुकड्यांची) संख्या वाढू लागते, आणि पिनांवरचा प्रतिरोध वाढल्याने पाठवण्याचा भार येताच रेडिओचा विद्युतदाब कोसळून तो पुन्हा सुरू होतो. आपला रेडिओ मधूनच बंद पडतो तो याच कारणाने, असा माझा अंदाज आहे. त्याचा आणि सिग्नलच्या घसरणीचा उगम वेगळा आहे, म्हणजे आपल्याकडे एकाच वेळी दोन ठिकाणी पाणी शिरले आहे.

केबलविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण इथेच पैसे वाचवले जातात आणि इथेच बुडतात. घरातली करड्या रंगाची पीव्हीसी केबल उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. वरच्या तड्यातून शिरलेले पाणी आवरणाच्या आतून थेट खाली वाहत येते आणि पोलखालच्या खोलीतल्या ॲडॅप्टरच्या खाचेतून टपकते. टॉवरवरचा रेडिओ ठणठणीत आणि घरातले स्विच जळालेले, असे जेव्हा दिसते, तेव्हा कारण बहुधा हेच असते. बाहेर काळ्या पॉलिथिनच्या आवरणाचीच केबल वापरावी. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारा असतात, व्यापारी तिला सीसीए म्हणतात. तिचा प्रतिरोध तांब्याच्या दीडपट असतो, आणि मुलाम्याला ओरखडा पडून ओल लागली की आतले ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन जाते. समुद्रकाठी ती कोणत्याही भावात घेऊ नये. जेली भरलेल्या केबलमध्ये पाणी सरकत नाही, पण उभ्या केबलमधली जेली उन्हाळ्यात वितळून खाली उतरते, म्हणून तिच्या टोकाला जोड बसवण्याआधी तारा नीट पुसून घ्याव्यात आणि तिचे खालचे टोक थेट उपकरणात न नेता मध्ये एखादा जोड-डबा ठेवावा.

केबल रेडिओत किंवा घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरी निम्म्या ठिकाणी ते केलेले नसते. केबलच्या बाहेरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जावे, यासाठी तो तळ प्रवेशाच्या जागेपेक्षा हातभर तरी खाली हवा. भिंतीतले छिद्रही बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे.

आता सांधा बंद करण्याची रीत सांगतो. कोरड्या दिवशी, दुपारनंतर धातू निवू लागल्यावर आणि संध्याकाळचे दव पडण्याआधी, काम सुरू करावे; तापलेल्या अवस्थेत बंद केलेला सांधा निवला की तोच दाबाचा खेळ आतमध्ये सुरू होतो. कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, आतली रबरी कडी जागेवर आहे हे पाहावे, हाताने पूर्ण घट्ट करून मग छोट्या पान्याने हलकेच आवळावा. पक्कड लावून चिरडू नये. त्यावर प्रथम साध्या विद्युत टेपचा एक थर गुंडाळावा, म्हणजे पुढे सांधा उघडताना कनेक्टर चिकट्याने माखलेला निघत नाही. मग एकजीव होणारी रबरी टेप घ्यावी, तिला मूळ लांबीच्या जवळपास दुप्पट ताणावे, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढेल अशी गुंडाळावी. दिशा नेहमी खालून वर असावी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि कौलारू छपरावरून ओघळावे तसे पाणी कडांवरून ओघळून जाते. वरून खाली गुंडाळल्यास प्रत्येक कड पाणी झेलत राहते. रबरी टेप केबलच्या आवरणावर चार बोटे पुढे न्यावी. शेवटी उन्हाला टिकणाऱ्या चांगल्या काळ्या टेपचे दोन थर द्यावेत आणि अगदी अखेरचा वेढा न ताणता, नुसता दाबून बसवावा, कारण ताणून संपवलेली टेप पहिल्याच उन्हाळ्यात आपणहून उलगडते. एवढे केलेला सांधा सात-आठ पावसाळे सहज काढतो, असा माझा अनुभव आहे. नुसत्या काळ्या टेपचा सांधा एक पावसाळाही काढत नाही. तिचा चिकटा उन्हात पातळ होतो आणि टेपखाली शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही.

सिलिकॉनविषयी सावध राहावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, लावताना शिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ते तांबे व पितळ खाते. आपण कनेक्टरभोवती तेच भरले असेल, तर गंजाची सुरुवात त्यानेच झाली असण्याची शक्यता आहे. सिलिकॉन वापरायचेच असेल तर वास न येणारे, तटस्थ प्रकारचे घ्यावे, आणि तेही पेटीच्या भेगांसाठी, कनेक्टरसाठी नाही. मळून लावायचा इपॉक्सी लेप तर मुळीच वापरू नये. तो दगडासारखा घट्ट होतो, धातू आणि केबल तापमानाने कमीजास्त होत राहतात, लेप त्यांच्याबरोबर हलत नाही, आणि काही महिन्यांत केसाएवढी भेग पडून तीच पाणी ओढणारी वाट ठरते.

प्लॅस्टिकची पिशवी आजच काढून टाकावी. तिच्या आत हवा कोंडते, ऊन लागले की पेटी अधिक तापते, रात्री आतून पाणी धरते, आणि जो ओलावा उघड्या वाऱ्यावर तासाभरात गेला असता तो पिशवीत आठवडाभर टिकतो. आडोसा द्यायचाच असेल तर रेडिओच्या वर, हवा खेळेल इतके अंतर सोडून, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे उतरते छप्पर द्यावे. खालची बाजू आणि डिशचे तोंड मोकळे ठेवावे. त्याचा खरा उपयोग पावसापेक्षा उन्हाला अडवण्यात आहे, कारण पेटी जितकी कमी तापेल तितके ती कमी ओढेल.

इथपर्यंत पाणी आत येऊ न देण्याविषयी लिहिले. पण आलेले पाणी बाहेर कुठून जाईल, हा प्रश्न माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. सेक्टर अँटेनाच्या (एका रुंद पट्ट्यात सिग्नल पसरवणाऱ्या उभ्या अँटेनाच्या) आणि अनेक पेट्यांच्या तळाशी मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रे असतात. ती पाणी येण्याची वाट आहे असे समजून बसवणारे लोक सिलिकॉनने बुजवतात, आणि मग अँटेना हातात घेऊन हलवली तर आत पाणी खळखळते. ती छिद्रे उघडीच राहिली पाहिजेत आणि तळाशीच असली पाहिजेत. सेक्टर उलटा बसवला, किंवा रेडिओ आडवा फिरवला, तर निचऱ्याचे छिद्र वर किंवा बाजूला येते आणि सगळी रचना उलटते. अशा वेळी वर आलेले छिद्र बंद करून खालचे उघडावे, अशी सोय बऱ्याच अँटेनांत दिलेली असते. गांधीलमाश्या आणि मुंग्या या छिद्रांत मातीची घरे करतात, म्हणून एप्रिलच्या फेरीत ती तारेने मोकळी करावीत. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. आंबोलीसारख्या घाटमाथ्याच्या कड्यावर दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याबरोबर पाऊसही खालून वर येतो. तिथे तळाचे छिद्र आणि खाली तोंड केलेले केबलचे भोक थेट माऱ्यात असते. अशा ठिकाणी छिद्राखाली, निचरा न अडवता, लहानसा आडवा पडदा द्यावा लागतो आणि ग्लँड खरोखरच घट्ट लागतो. खाडीकाठच्या आपल्या टोकाला हे लागू नाही, पण टेकडीवरचे टोक कड्याजवळ असेल तर ते पाहून घ्यावे.

ज्या पेटीला छिद्र ठेवता येत नाही, तिच्यासाठी झिरपपडदा असलेले झडपेसारखे बूच मिळते. त्यात ताणलेल्या पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) पातळ पडदा असतो. त्यातून हवा आणि वाफ जाते, पाण्याचे थेंब जात नाहीत. दाबाचा फरक तिथेच मिटल्यामुळे गॅस्केटवर ताण येत नाही. स्वतः बनवलेल्या जोड-डब्याला हे बूच तळाशी जरूर बसवावे. चांगल्या रेडिओंत ते कारखान्यातूनच असते आणि रंग देताना किंवा टेप गुंडाळताना ते नकळत झाकले जाते, तेवढे टाळावे.

दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी कोरड्या दिवशी फवाऱ्याची बाटली घेऊन वर जावे आणि एकेका सांध्यावर पाणी मारून, खाली बसलेल्या सहकाऱ्याला दोन्ही चेनचे आकडे वाचायला सांगावे. ज्या सांध्यावर पाणी पडताच आकडा हलतो तो दोषी. जंपर दोन्ही टोकांनी सोडवून मधली तार आणि जाळी यांच्यातला प्रतिरोध मल्टिमीटरने मोजावा. कोरड्या जंपरला आकडा येतच नाही, काही किलोओहम किंवा मेगाओहम आले तर आत पाणी आहे. डिश जोडलेली असताना ही मोजणी करू नये, कारण अनेक डिशच्या फीडमध्ये, म्हणजे डिशसमोरच्या लहरी सोडणाऱ्या-घेणाऱ्या भागात, मधली तार आणि कवच मुळातच जोडलेले असतात. आणि टॉवरवर चढताना पट्टा बांधूनच चढावे, आभाळात गडगडाट असेल तर चढूच नये. लिंक दोन दिवस बंद राहिली तरी चालेल.

भिजलेला रेडिओ लगेच टाकून देण्याचे कारण नाही. प्रथम वीज तोडावी, आणि सुकेपर्यंत चालू करून पाहण्याचा मोह आवरावा, कारण खरे नुकसान ओलेपणी वीज दिल्याने होते. पेटी उघडून बोर्ड ऊर्ध्वपातित पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवावा. खारट थर नुसत्या अल्कोहोलने निघत नाही, म्हणून पाणी आधी. त्यानंतर सावलीत वाऱ्यावर दोन दिवस ठेवावा. आरजे-४५ च्या खाचेतल्या पिना हिरव्या झाल्या असतील पण झिजल्या नसतील, तर साफ करून त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. पिना झिजल्या असतील तर खाच बदलून घ्यावी, हे काम मोबाइल दुरुस्तीचे कसबी कारागीर करतात. पेटी बंद करताना गॅस्केट नवे घालावे; जुन्या रबरावर खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली चोळून ते मऊ करण्याचा प्रयत्न करू नये, अनेक रबरे त्याने फुगतात आणि जागा सोडतात.

आपल्या बाबतीत म्हणून माझा सल्ला असा आहे. रेडिओ तूर्त बदलू नये. दोन्ही टोकांचे चारही जंपर नवे, कारखान्यात टोके बसवलेले आणावेत. डिशच्या बाजूचे कनेक्टर साफ करून त्यांतली रबरी कडी तपासावी. नेटवर्क केबल पॉलिथिन आवरणाची आणि शुद्ध तांब्याची टाकावी. पिशवी आणि सिलिकॉन काढून वर सांगितल्याप्रमाणे सांधे बांधावेत. आणि वाडीच्या टोकाला रेडिओ व स्विच दोन्ही पेलेल अशी बॅटरी लावावी. याने सिग्नल पुन्हा उणे ६० च्या आसपास आला, तर कोसळत्या सरीतली काही मिनिटे सोडता पावसाळ्यात तो एक-दोन डेसिबलपेक्षा जास्त हलता कामा नये. चारपेक्षा जास्त हलला आणि एकाच चेनवर हलला, तर डिशच्या फीडमध्येच पाणी आहे, आणि फीड मात्र उघडून दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते. पुढे कधी नवे उपकरण घ्यायची वेळ आली, तर आठ किलोमीटरसाठी रेडिओ फीडमध्येच बसवलेली डिश घ्यावी. तिच्यात बाहेरचे जंपर नसतात, म्हणजे चार सांधे मुळातच कमी होतात आणि सांभाळायला फक्त एक नेटवर्क केबल उरते.